काटा खरा की खोटा?

(शेतकरी बांधवांसाठीच्या कार्यक्रमातील भाषण)



पेरणीआधी आपण तिफण पाहतो, कुळवाची पास पाहतो. दारातल्या जुन्या डिझेल जीपच्या किंवा ट्रॅक्टरच्या मीटरांकडे मात्र कोणी पाहत नाही. काटा पडून राहिला, दिवा लागेनासा झाला, तरी आपण म्हणतो, "चालतंय की! गाडी कुठे अडलीय?"

अडत नाही हेच तर वाईट. पेट्रोलच्या गाडीची वीज तुटली की ठिणगी थांबते आणि गाडी जागेवर उभी राहते. स्टॉपर ओढून बंद करायच्या जुन्या डिझेल इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर विजेची गरज नसते. फ्यूज उडाला, नव्हे चावी बंद असली, तरी ते धडधडत राहते. पण विजेवरचे काटे आणि दिवे तेवढे मुके होतात. कित्येकजण गाडी ढकलून सुरू करतात आणि चावी फिरवायचीच विसरतात. तेव्हा काटा हलत नसेल तर पहिल्यांदा चावी पाहा, मग फ्यूज पाहा.

माझेच सांगतो. वैशाखात कांद्याच्या गोण्या भरून जीप लासलगावला निघाली होती. काटा मध्यावर असायचा तो खाली आलेला दिसला. मी मनाशी म्हटले, बरं झालं, इंजिन गार आहे. कोस-दीड कोस गेलो नाही तोच बॉनेटखालून जळका वास आला आणि गाडी ओढेनाशी झाली. रेडिएटरचा खालचा रबरी पाइप फुटून पाणी सगळे रस्त्यावर सांडले होते. हेड वाकले, गॅसकेट जळाले. कांदा दुसऱ्याच्या गाडीतून न्यावा लागला आणि त्या भाड्यात नफा गेला.

मग काटा गार का दाखवत होता? काट्याला खबर देणारा सेंडर इंजिनाच्या पाण्यात बुडालेला असतो. पाणीच निघून गेले तर तो कोरडा पडतो आणि भलतेच सांगतो. म्हणून काटा एकाएकी खाली पडला तर खूश होऊ नका. गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. रेडिएटरचे झाकण मात्र गरम असताना उघडू नका. आत दाबाखालचे पाणी शंभर अंशांच्याही वर असू शकते. झाकण सैल होताच ते तोंडावर येते. वरचा पाइप हाताला सोसवेल इतका निवला की जाड फडके धरून, हळूहळू झाकण फिरवा. तापलेल्या इंजिनात विहिरीचे गार पाणी एकदम ओतू नका, हेडला तडा जाईल.

आता पाणी पुरेसे आहे, तरीही काट्याचा भरवसा वाटत नाही, असे समजा. आधी आपले मीटर कोणत्या जातीचे ते पाहा. जुन्या ट्रॅक्टरांत मीटरपासून इंजिनापर्यंत तांब्याची बारीक नळी गेलेली असते. ही नळी तोडू नका, पिरगाळू नका. ती फुटली की सांधून उपयोग नाही, मीटर नळीसकट बदलावे लागते.

दुसरी जात विजेची. सेंडरला बहुधा एकच तार असते आणि अर्थिंग इंजिनाच्या अंगातून मिळते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, चावी चालू करा, इंजिन बंदच राहू द्या. सेंडरची तार काढा. काटा गार बाजूला गेला पाहिजे. आता तार इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला क्षणभर टेकवा, दोन सेकंदांपेक्षा जास्त नाही. बहुतेक गाड्यांत काटा गरमकडे धावतो. धावला, तर मीटर आणि तार ठीक; दोष सेंडरचा किंवा त्याच्या अर्थिंगचा. हलला नाही, तर तार तुटलेली, नाहीतर मीटर गेलेले. तार काढूनही काटा गरमकडेच चिकटून राहिला, तर ती तार वाटेत कुठेतरी सोलून बॉडीला लागते आहे. संगणकावर चालणाऱ्या नव्या गाड्यांत मात्र हा प्रयोग करायचा नाही, बरं का.

सेंडर बदलताना मिस्त्री आट्यांवर भरपूर टेप गुंडाळतो. पाणी गळत नाही हे खरे, पण अर्थिंगही तुटते आणि नवा सेंडर खोटा ठरतो. डिझेलचा आणि पाण्याचा असे दोन्ही काटे एकदम चुकू लागले, तर दोन्ही सेंडर एका दिवशी मरत नाहीत. दोघांचा सामाईक वीजपुरवठा किंवा मीटरामागचे अर्थिंग पाहा.

काटा खरा आहे की नाही हे ताडायचे असेल तर सकाळी थंड इंजिनावर झाकण काढा, डेअरीतला शंभरपर्यंतचा थर्मामीटर दोरीने बांधून रेडिएटरच्या पाण्यात सोडा आणि मग इंजिन सुरू करा. उपरणे, पदर पंख्यापासून लांब ठेवा. पाणी ऐंशीच्या आसपास गेले की काटा साधारण मध्याकडे यायला हवा. पाणी बराच वेळ कोमटच राहिले, तर काटा खरे बोलतो आहे. थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा कोणीतरी काढून टाकला आहे. आपल्याकडे उन्हाळा कडक म्हणून तो काढायची खोड आहे. मला ती पटत नाही. गार चालणारे डिझेल इंजिन धूर जास्त सोडते, डिझेल जास्त खाते आणि लवकर झिजते.

आता दिव्यांकडे वळू. चावी फिरवली की इंजिन सुरू होण्याआधी ऑइलचा आणि चार्जिंगचा असे दोन्ही तांबडे दिवे लागले पाहिजेत, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. रोज एवढे पाहायला पैसा लागत नाही. चावी फिरवूनही ऑइलचा दिवा लागला नाही, तर ऑइल स्विचची तार काढून लोखंडाला टेकवा. लागला तर स्विच खराब, नाही लागला तर बल्ब किंवा तार.

इंजिन चालू असताना ऑइलचा दिवा लागला तर मात्र तपासणी नंतर, इंजिन आधी बंद. "घरापर्यंत जाऊ" म्हणू नका; बेअरिंग तेवढा वेळ थांबत नाहीत. पट्टी काढून ऑइल पाहा. डिझेलचा वास आला किंवा ऑइल दुधाळ दिसले तर गाडी ओढून न्या. ऑइल पुरेसे असले तरी "स्विचच खोटा असेल" हा अंदाज चालणार नाही. स्विचच्या जागी फिटरकडून दाबमापक लावून घ्या. दाब बरोबर निघाला तरच स्विचला दोष द्या.

चार्जिंगचा दिवा चालत्या गाडीत लागला तर लोक म्हणतात, बॅटरीचे पाहू उद्या. पण बऱ्याच जुन्या इंजिनांत एकच पट्टा डायनॅमो, पंखा आणि पाण्याचा पंप फिरवतो. पट्टा तुटला की हा दिवा आधी लागतो, पाणी उकळते नंतर. तेव्हा दिवा लागताच थांबून पट्टा पाहा. नवा पट्टा आणि एक पाना गाडीत असला तर काम तिथेच होते.

माझ्या जीपचा पाइप बदलला तेव्हा सेंडर काढून उकळत्या पाण्यात धरला, अर्थिंगची तार जोडली, आणि काटा सरळ वर चढला. बिचारा चांगलाच होता. तो मी आजही वापरतो; फक्त आता काटा खाली आला की मीही गाडीतून खाली उतरतो.