कॅराव्हॅनमधील सामानाचा भार

सुट्टीच्या प्रवासासाठी मोटारीच्या मागे जोडून नेल्या जाणाऱ्या चाकांवरच्या घराला ब्रिटनमध्ये टूरिंग कॅराव्हॅन म्हणतात. या घरात बिछाने, स्वयंपाकाचा ओटा, शीतपेटी आणि बहुधा शौचालयही असते. नसते ते फक्त इंजिन. त्यामुळे त्यात ठेवलेल्या प्रत्येक वस्तूचा भार पुढच्या मोटारीला ओढावा लागतो, तिच्या ब्रेकला थोपवावा लागतो आणि चालकाला वळणावर सांभाळावा लागतो. हा सारा विचार ‘सामान किती न्यावे’ एवढ्यापुरताच आहे, असे सकृद्दर्शनी वाटते. वस्तुतः प्रश्न दोन आहेत: सामानाचे एकूण वजन किती, आणि ते कोठे ठेवले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर उत्पादकाने आणि कायद्याने आधीच देऊन ठेवलेले असते, तर दुसऱ्याचे उत्तर प्रत्येक प्रवासाच्या आधी प्रवाशाला स्वतः द्यावे लागते. रस्त्यावरील स्थैर्य मुख्यतः या दुसऱ्या उत्तरावर अवलंबून असते, हे या भाषणाचे प्रतिपाद्य आहे.

वजनाची चिंता कॅराव्हॅनइतकीच जुनी आहे. नौदलातून निवृत्त झालेले शल्यचिकित्सक आणि लेखक विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये ब्रिस्टल येथील एका वॅगन कारखान्याकडून ‘द वाँडरर’ नावाची गाडी खास हौसेच्या प्रवासासाठी बांधून घेतली. भरलेल्या अवस्थेत तिचे वजन सुमारे २ टन होते आणि ती ओढण्यासाठी दोन घोडे जुंपले जात. घोडे दमले, चढावर अडले, की भार जास्त झाल्याचे चालकाला तत्काळ कळे. पहिल्या महायुद्धानंतर मोटारीमागे ओढल्या जाणाऱ्या कॅराव्हॅन प्रचारात आल्या आणि ही सूचना देणारे जनावर नाहीसे झाले. इंजिन जादा भार निमूटपणे ओढत राहते आणि त्याचा दोष ब्रेक लावताना किंवा उतारावर, म्हणजे उशिरा, प्रकट होतो. म्हणूनच भाराची मर्यादा आता आकड्यांत ठरवून कॅराव्हॅनच्या दाराजवळील पट्टीवर नोंदवलेली असते.

ही मर्यादा समजून घेण्यासाठी तीन संज्ञा पुरेशा आहेत. पहिली संज्ञा ‘मास इन रनिंग ऑर्डर’ ही असून तिचा संक्षेप ‘मायरो’ असा करतात. कारखान्यातून प्रवासयोग्य स्थितीत बाहेर पडलेल्या कॅराव्हॅनचे वजन असा तिचा अर्थ होतो. या वजनात गॅस, पाणी किंवा बॅटरी यांपैकी काय धरले आहे, हे उत्पादकागणिक आणि वर्षागणिक बदलत आले असल्याने त्या त्या गाडीची पुस्तिका वाचूनच तो आकडा वापरावा लागतो. दुसरी संज्ञा ‘एमटीपीएलएम’ ही होय. सामानासह कॅराव्हॅनचे वजन जास्तीत जास्त किती असू शकते, याची उत्पादकाने सांगाडा, आस, टायर आणि ब्रेक यांची क्षमता पाहून घातलेली ही सीमा आहे. या दोन आकड्यांतील फरक म्हणजे तिसरी संज्ञा, ‘पेलोड’, अर्थात प्रवाशाच्या वाट्याला येणारे सामानाचे वजन. एखाद्या कॅराव्हॅनचे मायरो १,२५० किलो आणि कमाल वजन १,४०० किलो असेल, तर पेलोड १५० किलो होतो; म्हणजे संपूर्ण भाराच्या जेमतेम एक दशांशावरच प्रवाशाची सत्ता चालते.

या १५० किलोंचा हिशेब मांडला, की ते किती लवकर संपतात हे दिसून येते. जागेवर कॅराव्हॅन पुढे-मागे सरकवणारे विजेवर चालणारे यंत्र, ज्याला मूव्हर म्हणतात, ते नंतर बसवून घेतले असल्यास सुमारे ३० किलो कायमचे खर्ची पडतात. शिसे आणि आम्ल यांवर चालणारी मोठी बॅटरी २५ किलोंच्या आसपास भरते आणि मायरोमध्ये ती धरलेली नसल्यास हाही भार पेलोडमधूनच वजा होतो. बाजूला जोडायचा कापडी मांडव, म्हणजे ऑनिंग, त्याच्या दांड्या आणि खुंट्यांसह आणखी २५ किलो घेतो. ६ किलो प्रोपेन भरलेल्या एका जादा पोलादी सिलिंडरचे एकूण वजन १५ किलोंच्या घरात जाते. एवढे वजा केल्यावर चौघांचे कपडे, अंथरूण-पांघरूण, भांडी, खाद्यपदार्थ, खुर्च्या आणि विजेची लांब केबल यांसाठी अवघे ५५ किलो शिल्लक राहतात. पाण्याचा विचार तर वेगळाच करावा लागतो, कारण १ लिटर पाणी म्हणजे १ किलो वजन. तळावर पाणी आणण्यासाठी वापरले जाणारे ४० लिटरचे लोटते पिंप भरून नेल्यास या शिल्लक वाट्याचा बहुतेक भाग संपून जातो. म्हणून अनुभवी प्रवासी पिंप, पाणी तापवण्याची टाकी आणि शौचालयाची पेटी रिकामी करूनच निघतात आणि डबाबंद अन्नासारखे जड जिन्नस मुक्कामाच्या गावी विकत घेतात.

एकूण वजन मर्यादेत आले, तरी काम निम्मेच झालेले असते. कॅराव्हॅनचा बहुतेक भार मध्यभागाजवळच्या आसावर असतो आणि उरलेला थोडा भार पुढच्या जोडणीतून मोटारीच्या टो-बारवर खाली दाबला जातो. या उभ्या दाबाला नोजवेट म्हणतात. बैलगाडीत मागे जास्त भार झाला, की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचलले जाऊ लागते, तर पुढे जास्त झाला, की तोच भार बैलांच्या मानेवर बसतो. नोजवेटचे गणित याच जातीचे आहे. ते कमी पडल्यास कॅराव्हॅनचे नाक हलके होऊन ती मागून डुलू लागते आणि जास्त झाल्यास मोटारीचा मागचा भाग दबून पुढच्या चाकांची रस्त्यावरील पकड घटते. भरलेल्या कॅराव्हॅनच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के नोजवेट असावे, असा सर्वसाधारण संकेत आहे, म्हणजे १,४०० किलोंच्या गाडीसाठी ७० ते ९८ किलो. मात्र मोटार, टो-बार आणि कॅराव्हॅनची जोडणी या तिघांच्याही स्वतंत्र मर्यादा असतात आणि त्यांतील सर्वांत लहान आकडा अंतिम मानावा लागतो. एखाद्या मोटारीची मर्यादा ७५ किलो असेल, तर ९० किलोंचे नोजवेट टक्केवारीत बसूनही अग्राह्य ठरते.

नोजवेट वस्तूच्या स्थानाप्रमाणे कसे बदलते, हे तरफेच्या नियमावरून कळते. जोडणीपासून आसापर्यंतचे अंतर ४ मीटर धरले, तर २० किलोंची वस्तू आसाच्या २ मीटर पुढे ठेवल्यास नोजवेट १० किलोंनी वाढते, २ मीटर मागे ठेवल्यास तितकेच घटते आणि नेमकी आसावर ठेवल्यास मुळीच बदलत नाही. यावरून एखाद्याला अशी युक्ती सुचेल, की मागे जड वस्तू ठेवून तिच्या भरपाईसाठी पुढेही तेवढीच जड वस्तू ठेवावी, म्हणजे नोजवेट बरोबर येईल. ही युक्ती काट्यावर खरी ठरते आणि रस्त्यावर घात करते.

त्याचे कारण पदार्थविज्ञानातील जडत्व-आघूर्ण या संकल्पनेत आहे. एखादी वस्तू स्वतःभोवती फिरू लागण्यास, आणि एकदा फिरू लागली की थांबण्यास, किती विरोध करते याचे हे माप असून ते वस्तुमान आणि अक्षापासूनच्या अंतराचा वर्ग यांच्या गुणाकाराने मिळते. अंतराचा वर्ग होत असल्यामुळे स्थानातील फरकाचा परिणाम फार मोठा होतो: आसापासून अर्ध्या मीटरवर ठेवलेल्या २० किलोंचा हिशेब ५ येतो, तर अडीच मीटरवर ठेवलेल्या त्याच २० किलोंचा १२५, म्हणजे पंचवीसपट. दोन्ही टोकांना जड सामान ठेवलेली कॅराव्हॅन एकदा बाजूला हेलकावली, की तो हेलकावा आवरणे त्या प्रमाणात कठीण जाते. मूव्हर ३० किलोंचा असला, तरी तो चाकांलगत बसवलेला असल्याने या दृष्टीने निरुपद्रवी असतो. याउलट मागच्या भिंतीवरील चौकटीत, आसापासून ३ मीटरवर, टांगलेल्या ३० किलोंच्या दोन सायकली नोजवेट २२ किलोंहून अधिक घटवतात आणि डोलण्याची प्रवृत्तीही वाढवतात. वजनाच्या हिशेबात दोन्ही सारख्याच. चालीच्या हिशेबात त्यांच्यात काही साम्य उरत नाही.

या डोलण्याला इंग्लंडमधील चालक स्नेकिंग म्हणतात. मोठ्या लॉरीने ओलांडून जाताना ढकललेली हवा, पुलावरचा आडवा वारा किंवा चालकाने अचानक फिरवलेले चाक यांपैकी कशानेही कॅराव्हॅनला बाजूचा धक्का बसू शकतो. मंद वेगात असे हेलकावे आपोआप विरतात. परंतु प्रत्येक जोडगाडीचा एक निर्णायक वेग असतो आणि त्याच्या पलीकडे हेलकावा विरण्याऐवजी वाढत जातो व अखेर मोटारीलाही ओढून नेतो. बाथ विद्यापीठातील अभियंत्यांनी रचना बदलता येईल अशा पूर्ण आकाराच्या ट्रेलरवर प्रयोग करून २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत जडत्व-आघूर्ण, नोजवेट आणि आसाचे स्थान हे घटक उच्च वेगातील स्थैर्यासाठी निर्णायक आढळले, केवळ एकूण वस्तुमानाचा परिणाम मात्र तितका मोठा दिसला नाही. जोडणीवर बसवलेली स्टॅबिलायझर ही घर्षणयंत्रणा हेलकावे काही अंशी शोषते, परंतु चुकीच्या मांडणीची भरपाई ती करू शकत नाही. हेलकावा सुरू झालाच, तर चालकाने अ‍ॅक्सिलरेटरवरील पाय हळूहळू उचलावा आणि चाक शक्य तितके सरळ धरावे. वेग वाढवून गाडी सरळ करण्याचा किंवा जोराने ब्रेक दाबण्याचा मोह टाळावा, असे शिकवले जाते.

यातून मांडणीचा जो नियम निघतो तो थोडक्यात असा: जड वस्तू जमिनीलगत आणि आसाच्या वर किंवा किंचित पुढे, मध्यम वजनाच्या त्यांच्या आजूबाजूला, आणि वरच्या कपाटांत केवळ कपडे, टॉवेल, कागदी वस्तू यांसारखे हलके सामान. डाव्या-उजव्या बाजूंचा भारही सारखा असावा, अन्यथा एका बाजूच्या टायरवर अधिक ताण येतो. प्रत्येक वस्तू अशी अडकवलेली असावी, की ब्रेक लागताच ती सरकून सारा तोल बदलणार नाही.

ओढणाऱ्या मोटारीचा विचार यालाच जोडून येतो. कॅराव्हॅनचे भरलेले वजन मोटारीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावे, असा सल्ला नवख्या चालकांना ब्रिटनमध्ये दिला जातो. १,४०० किलोंच्या कॅराव्हॅनसाठी मोटार सुमारे १,६५० किलोंची हवी, असा त्याचा अर्थ होतो. हा सल्ला आहे, कायदा नव्हे. मोटारीच्या उत्पादकाने घातलेली ओढण्याची मर्यादा आणि कॅराव्हॅनच्या पट्टीवरील कमाल वजन ओलांडणे मात्र दंडनीय ठरू शकते. कॅराव्हॅन ओढणाऱ्या मोटारीसाठी वेगमर्यादाही कमी आहे: मोटरवे आणि दुभाजक असलेल्या रस्त्यांवर ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर, आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यांवर ताशी ५० मैल. इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये १९९७ पासून परवाना मिळवलेल्या चालकांना १६ डिसेंबर २०२१ पासून वेगळी परीक्षा न देता ३,५०० किलोंपर्यंतचा ट्रेलर ओढता येऊ लागला. परीक्षेचा टप्पा गळाल्यामुळे भारविषयक ज्ञान मिळवण्याची जबाबदारी आता चालकावरच येऊन पडली आहे.

हे ज्ञान अंदाजाने येत नाही. नोजवेट मोजण्यासाठी छोटे मापक बाजारात मिळते. ते नसल्यास स्नानगृहातील वजनकाट्यावर योग्य उंचीचा लाकडी ठोकळा ठेवून त्यावर जोडणीचे टोक टेकवले, तरी आकडा समजतो, मात्र त्या वेळी कॅराव्हॅन सपाट जागेवर आणि प्रवासात असते तितक्याच उंचीवर हवी. एकूण वजनासाठी सार्वजनिक वजनकाट्यावर भरलेली गाडी नेणे हा एकच खात्रीचा मार्ग आहे. काट्यावर आकडा जास्त आला, तर काही सामान मोटारीत हलवावे, असे अनेकांना वाटते. परंतु मोटारीलाही स्वतःची कमाल मर्यादा असते आणि नोजवेटचा भार तिच्या मागच्या आसावर आधीच पडलेला असतो, त्यामुळे तो हिशेबही त्याच वेळी करावा लागतो.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले असून, ओढल्या जाणाऱ्या कॅराव्हॅन सह्याद्रीच्या घाटांतून जाऊ लागल्यास तेथील उतार आणि वळणे हेच नियम अधिक कठोरपणे लागू करतील. गाडीचा सांगाडा, आस आणि इंजिन कारखान्यात ठरून जातात आणि प्रवाशाच्या हाती केवळ एक दशांश भार राहतो. परंतु तो कोठे ठेवायचा हे त्याला प्रत्येक वेळी नव्याने ठरवता येत असल्याने उरलेल्या नऊ दशांशांची चाल त्याच्या निर्णयावर अवलंबून राहते. म्हणून निघण्यापूर्वीचा अर्धा तास सामान भरण्यात जितका जावा, तितकाच ते मोजण्यात आणि पुन्हा मांडण्यात जावा.