धुराची खातेवही

२०२३ साली कोळसा, तेल, गॅस जाळून चीननं सुमारे १२०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडला, अमेरिकेनं ४९० कोटी, भारतानं ३०० कोटी. लगेच बोंब उठते : भारत तिसरा गुन्हेगार! अरे, पण डोकी मोजा की! अमेरिकेत माणशी १४ टन, चीनमध्ये ८, आपल्याकडं २. आणि मागची थकबाकी? हा वायू शेकडो वर्षं हवेत टिकतो. १८५० पासून जळालेल्या इंधनाच्या वायूत जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा.

पण माझं एवढ्यावर भागत नाही. आपले २ टन हीसुद्धा सरासरीच. एसीचा बंगला आणि आमची पत्र्याची खोली एकाच भागाकारात कोंबलीय. आमच्या गरिबीच्या आडोशाला इथल्या धनदांडग्यानं लपू नये. हिशेब दोघांकडूनही घ्यायचाय.