उतारवयांतील गोडी

‘साखरेचें खाणार त्याला देव देणार’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. देव काय देणार, याचा खुलासा म्हणींत नाहीं. मला त्यानें बासष्टाव्या वर्षीं दुखरे गुडघे, ७२ किलो वजन आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर आलेलें रक्त, एवढें दिलें. माझ्या आईची दृष्टि याच मधुमेहानें गेली होती. तेव्हां डॉक्टरांचें बोलणें हंसण्यावारी नेण्यासारखें नव्हतें. परंतु त्यांनीं ‘गोड कमी करा’ म्हणतांच मीं खात्रीनें उत्तर दिलें, ‘मी गोड खातेंच कुठें?’

या उत्तराची परीक्षा पाहावी म्हणून मीं एक आठवडाभर तोंडांत गेलेलें सर्व गोड घरखर्चाच्या वहींत टिपून ठेविलें. दिवसांतून चार वेळां चहा, प्रत्येक वेळीं दोन चमचे साखर. लहान चमच्यांत चार-पांच ग्रॅम साखर मावते. म्हणजे नुसत्या चहांतूनच ३२ ते ४० ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं असें सांगितलें कीं, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहाव्या हिश्श्याहून कमी असावी, आणि विसाव्या हिश्श्याहून, म्हणजे सुमारें २५ ग्रॅमहून, कमी असल्यास अधिक चांगलें. शिवाय वहींत आणखी एक सदर निघालें: ‘उरलेलें’. नातवाच्या बशींतील अर्धीं बिस्किटें, पातेल्याच्या तळाचा शिरा, पाहुण्यांनीं नको म्हटलेला पेढा! अन्न वाया जाऊं नये म्हणून तें आपल्या पोटांत घालण्याचें काम घरोघरच्या गृहिणी करीत आल्या आहेत, आणि त्याचा हिशेब कोणीच ठेवीत नाहीं.

पहिल्या उत्साहांत मीं साखर एकदम बंद केली आणि रात्रीं उपाशी निजूं लागलें. वजन भराभर उतरलें. पण जिना चढतांना पाय लटपटूं लागले, आणि तिसऱ्या आठवड्यांत एका दुपारीं मी गुळाचा डबाच पुढें घेऊन बसलें. गूळ हा साखरेचाच सख्खा भाऊ! डॉक्टरांनीं तेव्हां समजावून सांगितलें कीं, उतारवयांत स्नायु आपोआप झिजत असतात. उपासानें चरबीबरोबर तेही जातात, आणि वजन परत चढतें तेव्हां बहुधा चरबीच परत येते.

म्हणून मार्ग बदलला. दुपारीं मी भात व पातळ आमटीवर भागवीत असें. चार वाजतां गोडाची जी ओढ लागे, ती बहुतांशीं भूकच होती. जेवणांत वाटीभर उसळ व दहीं आलें, चार वाजतां मूठभर फुटाणे आले, आणि ती ओढ पुष्कळ निवळली. चहांतील साखर मीं दर पंधरवड्यास अर्ध्या चमच्यानें उतरविली. जिभेनें फारशी तक्रार केली नाहीं. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटें चालूं लागलें, कारण चालतांना स्नायु रक्तांतील साखर ओढून घेतात. हात न टेकतां खुर्चीवरून दहा वेळां उठणें, हा माझा व्यायाम.

या वयांत याचा काय उपयोग, असें कित्येकांस वाटेल. अमेरिकेंत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील तीन हजारांहून अधिक माणसांवर केलेला एक मोठा प्रयोग २००२ सालीं प्रसिद्ध झाला. वजन शेंकडा सातानें कमी करणें आणि आठवड्यास दीडशें मिनिटें व्यायाम करणें, हें ध्येय ज्यांच्यापुढें ठेविलें, त्यांच्यांत मधुमेह होण्याचें प्रमाण इतरांच्या मानानें शेंकडा ५८ नें घटलें. आणि साठी गांठलेल्या मंडळींत तें शेंकडा ७१ नें घटलें!

दोन सूचना मात्र आवश्यक आहेत. इन्सुलिन किंवा साखर उतरविणारीं औषधें घेणारांनीं, तसेंच मूत्रपिंडाचा विकार असणारांनीं, डॉक्टरांस विचारल्याखेरीज आहार बदलूं नये. रक्तांतील साखर एकाएकीं फार उतरल्यास जिवावर बेततें. आणि कांहीं न करितां वजन घटत असेल, तर आनंद न मानतां तपासणी करून घ्यावी.

दहा महिन्यांत माझें वजन ६७ किलोंवर आलें. संक्रांतीला तिळगुळाची एक वडी मीं खाल्ली, बसून, सावकाश. उरलेल्या शिऱ्याचें काय, असें आपण विचाराल. आतां शिराच बेतानें होतो, आणि पातेलें विसळण्याचें काम चिरंजीवांकडे आहे.