कठड्याच्या बुडाशी मुरणारे पाणी



मुनिरक्यातल्या आपल्या जुन्या डीडीए फ्लॅटांत गच्चीचे, बाल्कनीचे गंजलेले कठडे बदलावे लागतात. बांधकाम खात्यात नोकरी केलेला तुमचा एक शेजारी म्हणून त्याविषयी चार शब्द सांगतो.

वेल्डर जुना खांब कापतो, नवा उभा करतो, भोवती सिमेंट थापतो आणि जातो. खरे काम तिथेच राहून जाते. लोखंड आणि काँक्रीट यांमध्ये केसाएवढी फट पडते व पाणी स्लॅबमध्ये उतरते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्यामुळे काँक्रीट फुटते आणि खालच्या बिऱ्हाडाच्या छताचे पोपडे पडतात. 28 जून 2024 रोजी सफदरजंगला 24 तासांत 228 मिलिमीटर पाऊस झाला. असा पाऊस ती फट बरोबर शोधतो.

म्हणून आधी खांबाचा गंजका बुंधा व सुटे काँक्रीट काढा. उघडी सळई घासून गंजरोधक लावा, खड्डा न आकसणाऱ्या मसाल्याने भरा. त्यावर छोटा ओटा करून जलरोधक थर ओट्यावरही चढवा. कोपऱ्याला मिस्त्री म्हणतात तो ‘गोला’ द्या. मग खांब बोल्टने बसवून भोके सीलंटने बंद करा. गच्चीवर 24 तास पाणी साठवून खालचे छत पाहा, मगच पैसे चुकते करा.

पावसाळ्याआधीच हे उरकावे. विसर्जनाची मिरवणूक पाहायला आपली मुले याच कठड्यांना रेलून उभी राहतात.

गणपती बाप्पा मोरया!