परळची प्रयोगशाळा, बार्शीची गावे आणि जगाची परिषद

(राष्ट्रीय कर्करोग जागृती दिनानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



शास्त्रीय परिषद म्हटली की सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर एक ठराविक चित्र उभे राहते. भव्य सभागृह, दूरदेशीचे पाहुणे, स्वागताची भाषणे, पडद्यावर झरझर सरकणारे आलेख आणि अखेरीस आभारप्रदर्शन. घरात कर्करोगाचा रुग्ण अंथरुणाला खिळलेला असताना या समारंभांचा काय उपयोग, असा प्रश्न एखाद्या कुटुंबप्रमुखाने विचारला, तर तो अनाठायी म्हणता येणार नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. ते मुंबईच्या परळमध्ये आणि बार्शी-धाराशिव परिसरातील खेड्यांत सापडते.

परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. तंबाखू चघळण्याची सवय आणि तोंडाचा कर्करोग यांतील संबंधाचा त्यांनी अभ्यास केला. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली, तेव्हा तिचे पहिले संचालकपदही त्यांच्याकडेच आले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संघाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

हा संघ १९३३ मध्ये स्थापन झाला. त्याची गरज का भासली, हे समजून घेणे अगत्याचे आहे. कर्करोग सर्वत्र सारखा नसतो. एका देशात तोंडाचा कर्करोग अधिक आढळतो, दुसऱ्या देशात जठराचा. आहार, व्यसने, चालीरीती बदलतात तसे या रोगाचे स्वरूपही बदलते. साहजिकच, कारणांचा माग काढायचा तर देशादेशांची तुलना करावी लागते. आणि तुलना करायची तर मोजमाप एक असावे लागते. एका रुग्णालयाने ज्याला 'प्राथमिक अवस्था' म्हणावे, त्यालाच दुसऱ्याने 'पुढची अवस्था' म्हटले, तर दोघांच्या उपचारांची तुलना कशी व्हावी? गाठीचा आकार, लसिकाग्रंथींतील प्रसार आणि शरीरात अन्यत्र झालेला फैलाव या तीन बाबींवरून रोगाची अवस्था ठरविण्याची जी पद्धत आज जगभर रूढ आहे, तिची पहिली आंतरराष्ट्रीय पुस्तिका १९६८ मध्ये निघाली. अनेक वर्षांच्या बैठका आणि मतभेद यांतून ती सिद्ध झाली होती.

मोजमापाइतकेच महत्त्व नोंदींना आहे. मुंबईत १९६३ मध्ये देशातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी सुरू झाली, तर १९८७ मध्ये बार्शी येथे ग्रामीण भागासाठी पहिली नोंदणी उभी राहिली. खेड्यातील रोगी रुग्णालयापर्यंत पोहोचतोच असे नाही. म्हणून बार्शीच्या कार्यकर्त्यांनी रुग्णालयाच्या दप्तरावर विसंबून न राहता गावोगाव जाऊन लोकांशी बोलणे सुरू केले.

सहकार्य म्हणजे केवळ आकड्यांची देवघेव नव्हे. कौशल्यही हातोहात पोहोचावे लागते. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळविली. त्यानंतर अमेरिकेतील बाल्टिमोर येथे डॉ. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढविण्याचे, तंत्र त्यांनी आत्मसात केले आणि मायदेशी परतून मुंबईत त्यासाठी प्रयोगशाळा उभारली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण किताबाने गौरविण्यात आले. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेतही त्यांचा पुढाकार होता.

आता गर्भाशयमुखाच्या कर्करोगाकडे वळू या. हा रोग मानवी पॅपिलोमा विषाणूच्या दीर्घकाळ टिकून राहिलेल्या संसर्गातून उद्भवतो. पूर्वावस्थेतच तो हेरता आला तर टाळता येतो. प्रश्न होता तो साधनांचा. पेशींच्या तपासणीसाठी लागणारे तज्ज्ञ आणि प्रयोगशाळा प्रत्येक तालुक्याला कोठून मिळणार?

या प्रश्नावर राज्यात दोन मोठे अभ्यास झाले. पहिला १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत, टाटा स्मारक केंद्रातर्फे. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा त्यात समावेश होता. किमान दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक महिलांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण देण्यात आले. गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक आम्ल लावून पांढरे चट्टे दिसतात काय, हे त्या दर दोन वर्षांनी पाहत. बारा वर्षांनंतर तपासणी झालेल्या गटातील मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी आढळले. डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी हे निष्कर्ष २०१३ मध्ये शिकागो येथील कर्करोगतज्ज्ञांच्या परिषदेत मांडले.

दुसरा अभ्यास १९९९ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा तो संयुक्त उपक्रम होता. डॉ. आर. शंकरनारायणन आणि बार्शीचे डॉ. बी. एम. नेने यांनी त्यात प्रमुख भाग घेतला. ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया चार गटांत विभागण्यात आल्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, विषाणूची चाचणी एकदाच झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर तुलनेच्या गटात ६४.

येथे एक विसंगती दिसते. मुंबईत ॲसिटिक आम्लाच्या तपासणीने मृत्यू घटले. उस्मानाबादेत त्याच तपासणीने लक्षणीय घट झाली नाही. मग खरे कोणते? अशा वेळी शास्त्रज्ञांनी एकत्र बसण्याचे मोल कळते. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की ध्यानात येते की, मुंबईत तपासणी वारंवार झाली, उस्मानाबादेत एकदाच. जेथे वारंवार जाणे शक्य आहे तेथे साधी पद्धतही उपयोगी पडू शकते. जेथे एकच संधी मिळणार आहे तेथे विषाणूची चाचणी अधिक भरवशाची ठरते. एकेकटा अभ्यास वाचून हे धोरण सुचले नसते.

परिषदांत केवळ प्रशंसाच झाली असे नाही. तुलनेच्या गटातील स्त्रियांना माहिती देण्यात आली, परंतु तपासणी नव्हती. हे न्याय्य होते काय, असा आक्षेप काही तज्ज्ञांनी घेतला. अशा तपासणीची सोय त्या भागांत मुळातच नव्हती, असे संशोधकांचे म्हणणे होते. हा वाद सहजी मिटणारा नाही, आणि तो उघडपणे झाला हेच योग्य होय. ज्या स्त्रियांच्या सहभागातून ज्ञान मिळाले, त्यांच्या हिताचा हिशेब मागण्याचे व्यासपीठही परिषदेनेच दिले पाहिजे.

सहकार्याचे हे तत्त्व आता देशांतर्गतही रुजले आहे. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जालात तीनशेहून अधिक रुग्णालये व संस्था सहभागी झाल्या आहेत. उपचारांची समान मार्गदर्शक तत्त्वे, कठीण रुग्णांविषयी दूरस्थ माध्यमातून तज्ज्ञांची सामूहिक चर्चा आणि औषधांची एकत्रित खरेदी हे त्याचे कार्य होय. एका रुग्णालयाने मागितलेला भाव आणि अनेकांनी मिळून मागितलेला भाव यांत किती अंतर पडते, हे बाजारहाट करणाऱ्या कोणत्याही गृहिणीला सांगावे लागणार नाही.

तरीही एक आकडा अस्वस्थ करतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी करून घेतलेल्यांचे प्रमाण अवघे १.९ टक्के होते. महाराष्ट्राच्या खेड्यांतून निघालेले ज्ञान जगाच्या सभागृहांपर्यंत पोहोचले. त्याचा परतीचा प्रवास मात्र अपुरा राहिला आहे.

तो पूर्ण करण्यास मोठे सभागृह लागत नाही. आरोग्यसेविका, ग्रामपंचायत आणि महिला बचत गट यांची गावच्या समाजमंदिरातील बैठक हीदेखील त्याच साखळीतील एक कडी आहे. लाजेपोटी वा भीतीपोटी मागे राहिलेली एखादी भगिनी त्या बैठकीनंतर तपासणीसाठी उठून उभी राहिली, तर शिकागोतील परिषदेचे सार्थक त्या गावी झाले, असे म्हणता येईल.