पुराचे पाणी आणि गाळणीची मर्यादा



ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापुराने वेढले, तेव्हा घराघरांत पाणी शिरले होते. पिण्यास मात्र घोटभर मिळेना. अशा प्रसंगी कार्यकर्त्याच्या पाठपिशवीत बसणारी छोटी गाळणी मोठाच आधार ठरते. परंतु तिच्यावर डोळे मिटून विसंबणे धोक्याचे.

या गाळणीत केसासारख्या पोकळ तंतूंचा जुडगा असतो. त्यांच्या भिंतींतील छिद्रे साधारणतः ०.१ मायक्रॉनची. पटकी, विषमज्वर यांचे जिवाणू तेथे अडतात. काविळीचा ‘हेपॅटायटिस ए’ विषाणू मात्र सुमारे ०.०३ मायक्रॉनचा; तो पार निसटतो. पाणी नितळ दिसते आणि तेथेच फसगत होते. म्हणून गाळलेले पाणी उकळावे, अथवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबावे. शेतांतून विरघळून आलेल्या कीटकनाशकांवर मात्र हे दोन्ही उपाय चालत नाहीत.

गढूळ पाणी थेट ओतल्यास तंतू तुंबतात. आधी तुरटी फिरवून निवळू द्यावे, मग जुन्या सुती साडीच्या पदरी घडीतून गाळावे. आजीबाईंची ही रीत हसण्यावारी नेण्याजोगी नव्हे. बांगलादेशातील मतलब भागात साडीने पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटले, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

हिमालयात जाणाऱ्यांनी रात्री गाळणी पांघरुणात घ्यावी. ओले तंतू गोठले की त्यांना न दिसणारे तडे जातात. अशी गाळणी बाहेरून धडधाकट वाटली, तरी टाकूनच द्यावी.