किन्शासा : एका जुन्या धड्याची दुरुस्ती

प्रवासाविषयीं बोलणाऱ्यानें प्रथम आपला अधिकार सांगावा, असा शिष्टाचार आहे. माझा अधिकार म्हणाल तर मॅट्रिकपर्यंतचें शिक्षण, अडतीस वर्षांची मास्तरकी आणि निवृत्तीनंतर हातीं आलेला मोकळा वेळ, एवढाच. माझा पुतण्या मध्य आफ्रिकेंतील किन्शासा शहरीं एका व्यापारी पेढींत नोकरीस आहे. "काका, जन्मभर नकाशावर छडी ठेवून नद्या दाखविल्यात, आतां एक नदी प्रत्यक्ष पाहावयास या," असें त्यानें कळविलें, आणि मी निघालों. निघण्यापूर्वीं पीतज्वराची लस टोंचून घ्यावी लागते. तिचा दाखला जवळ असल्यावांचून त्या देशांत प्रवेश नाहीं, हें जाणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें.

किन्शासा ही कांगो लोकशाही प्रजासत्ताकाची राजधानी. वस्ती दीड कोटींहून अधिक. फ्रेंच ही तेथील राजभाषा. पण बाजारांत आणि रस्त्यांत कानीं पडते ती लिंगाला. त्या भाषेंतला 'म्बोते' हा एक शब्द मीं पहिल्याच दिवशीं पाठ केला. म्बोते म्हणजे नमस्कार. एवढ्या एका शब्दावर भाजीवाल्या बायकांपासून घराच्या पहारेकऱ्यापर्यंत सर्वांचीं मुखें प्रसन्न होत असत.

गोंब नांवाच्या भागांत ३० जून या तारखेच्या नांवाचा रुंद राजमार्ग आहे. १९६० सालीं याच तारखेस कांगो बेल्जियमपासून स्वतंत्र झाला. दोहों बाजूंस उंच इमारती, आणि मधून पिवळ्या टॅक्सी व 'वेवा' नांवाच्या भाड्याच्या मोटारसायकली यांचा अखंड लोंढा. अमेरिकन डॉलर तेथें सर्रास चालतो. पण नोट किंचित् फाटकी असली कीं ती कोणी हातीं धरीत नाहीं. सरकारी इमारतींचीं छायाचित्रें काढण्याचा मोहही आवरावा लागतो. मीं एकदां कॅमेरा वर उचलला मात्र, तोंच एक शिपाई पुढें आला. पुतण्यानें मध्यें पडून, "म्हातारे गृहस्थ आहेत, ठाऊक नव्हतें," अशी विनवणी केली, तेव्हां सुटका झाली.

जेवणांत एक गंमत झाली. पानांत गुंडाळून उकडलेला पिठाचा घट्ट गोळा पुढें आला. त्याला 'शिक्वांग' म्हणतात. तो कसावाच्या कंदाचा. आपल्या घरीं एकादशीस जो साबुदाणा भिजतो, तोही याच कंदाचा! मूळ हें झाड दक्षिण अमेरिकेंतलें. पोर्तुगीजांनीं तें आफ्रिकेंत नेलें. कंदांत विषारी अंश असतो, म्हणून तेथील बायका तो कित्येक दिवस पाण्यांत भिजत ठेवतात आणि मगच त्याचें अन्न करतात. पाल्याची भाजी होते ती 'पोंडू'. ती मला आपल्या अळूच्या फदफद्याची आठवण देऊन गेली.

आतां नदीकडे वळूं. कांगो नदीची लांबी सुमारें ४,७०० किलोमीटर. विषुववृत्त ती दोनदां ओलांडते, आणि पाण्याच्या लोटांत जगांत ॲमेझॉनच्या खालोखाल हिचाच क्रम. किन्शासाजवळ ती सरोवरासारखी पसरली आहे. हिरव्या जलपर्णीचीं बेटेंच्या बेटें वाहत जात असतात. समोरच्या तीरावर इमारती दिसतात त्या ब्राझाव्हिलच्या, म्हणजे दुसऱ्या कांगो देशाच्या राजधानीच्या. दोन राजधान्या समोरासमोर; मध्यें पूल नाहीं, नावेनें जावें लागतें.

हें शहर येथेंच कां वाढलें, याचें उत्तरही नदींतच आहे. येथून वरच्या अंगास शेंकडों कोस ती नौकांस सुगम आहे. खालच्या अंगास मात्र खडकांवर आपटत, धबधब्यांनीं उतरत ती समुद्राकडे जाते. पूर्वीं समुद्राकडील माल माणसांच्या डोक्यावरून येथें येत असे. १८९० ते १८९८ या काळांत मातादी बंदरापासून लोहमार्ग घातला गेला. तो घालतांना असंख्य मजूर मृत्यूमुखीं पडले.

नदीकाठीं न्गालिएमा नांवाची टेकडी आहे. वसाहतकाळांत उभारलेले आणि मोबुटूंच्या राजवटींत हटविलेले पुतळे तेथें आणून ठेविले आहेत. त्यांत बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड घोड्यावर बसलेला आहे. १८८५ पासून १९०८ पर्यंत हा अवाढव्य मुलूख त्या एका माणसाची खासगी मालमत्ता होता. त्यानें तेथें कधीं पाऊलही टाकलें नाहीं. पण रबराचा ठरलेला भरणा व्हावा म्हणून त्याच्या अंमलांत लोकांचे हात तोडले गेले. २००५ सालीं हा पुतळा पुन्हा भर शहरांत उभारला गेला, आणि कांहीं तासांतच उतरविला गेला. याच्या उलट लिमेते भागांत उंच मनोऱ्याच्या पायथ्याशीं पहिले पंतप्रधान पात्रीस लुमुंबा यांचें स्मारक आहे. १९६१ सालीं त्यांची हत्या झाली व देह नष्ट करण्यांत आला. मागें उरला तो केवळ एक दांत. तो बेल्जियमनें २०२२ सालीं परत दिला.

त्या टेकडीवर हेन्री स्टॅन्लेचाही पुतळा आहे. त्याच्यासमोर उभा असतां मला माझा वर्ग आठवला. "स्टॅन्लेनें कांगो नदीचा शोध लावला," असें मीं वर्षानुवर्षें सांगत आलों. एकदां मागच्या बांकावरील एका मुलानें विचारलें, "गुरुजी, तेथें आधीं माणसें राहत नव्हतीं काय?" वर्ग हसला. मीं त्यास आगाऊ म्हणून उभें केलें, आणि तास संपेपर्यंत उभेंच ठेविलें.

श्रोतेहो, माणसें राहत होतीं. स्टॅन्ले १८७७ सालीं येथें आला तेव्हां या तीरावर टेके लोकांचीं गांवें होतीं. हस्तिदंताचा व मासळीचा मोठा बाजार भरत होता. १८८१ सालीं ठाणें वसवावयाचें तें त्याला तेथल्या नायकांशीं बोलणीं करूनच वसवावें लागलें. त्यांतील एका नायकाचें नांव न्गालिएमा, आणि आज त्याचेंच नांव त्या टेकडीला आहे. ठाण्याला लिओपोल्डव्हिल असें राजाचें नांव दिलें होतें. १९६६ सालीं तें जाऊन तेथील एका जुन्या गांवाचें नांव, किन्शासा, शहरास मिळालें. म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर गांवाच्या नांवांतच होतें. मास्तरासच तें ठाऊक नव्हतें.

परत आल्यावर मीं त्या मुलाची चौकशी केली. तो आतां चाळिशीचा गृहस्थ असून त्याचें वाणसामानाचें दुकान आहे. मीं दुकानीं जाऊन सर्व सांगितलें. तो ओशाळून म्हणाला, "गुरुजी, मला तर कांहींच आठवत नाहीं. बसा, चहा घ्या." त्याला आठवत नाहीं; मला आठवतें. म्हणून तो धडा आज आपणां सर्वांपुढें दुरुस्त करून घेतला.